‘तयार’ कोण, कशासाठी? : एका होतकरू हॉकीपटूविषयीच्या वादाची भाषिक चिकित्सा

१

वाङ्मयसमीक्षेतील संज्ञांची छाननी करण्याचा परिपाठ आपल्या अभ्यासक्रमांत रुळलेला आहे. लोकव्यवहारातील मूल्यनिर्णयांच्या भाषेकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष जाते. वस्तुतः हजारो माणसे एकाच गोष्टीविषयी रोज, आवेशाने आणि त्याच त्या शब्दांत निर्णय देत असतात, तेव्हा त्या शब्दांच्या अर्थव्यापाराचा अभ्यास करण्यास याहून सोयीची सामग्री मिळणे कठीण. क्रीडारसिकांचे वाद ही अशीच सामग्री होय. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका वादाचा विचार करावयाचा आहे. कॅनडातील माँट्रियल कॅनेडियन्स ह्या बर्फावरील हॉकीच्या संघाने २०२२ साली निवडलेला स्लोव्हाक खेळाडू युराय स्लाफकोव्स्की हा वरिष्ठ स्पर्धेसाठी ‘तयार’ आहे की नाही, हा तो वाद.

ज्यांचा ह्या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग ही ह्या खेळातील सर्वश्रेष्ठ व्यावसायिक स्पर्धा मानली जाते. २०२२ साली तीत ३२ संघ होते आणि प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळत असे. दर वर्षी, साधारणतः अठरा वर्षांच्या मुलांतून, हे संघ आपापले नवे खेळाडू क्रमाने निवडतात. आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघांना प्रथम निवडीची संधी मिळावी अशा बेताने सोडत काढली जाते. निवडलेल्या मुलाला संघ लगेच वरिष्ठ स्पर्धेत खेळवतो, किंवा अमेरिकन हॉकी लीग ह्या दुय्यम स्पर्धेतील आपल्या संलग्न संघाकडे पाठवतो, किंवा तो जेथून आला तेथेच आणखी काही काळ राहू देतो. गोल करणाऱ्यास एक गुण, आणि त्या गोलापूर्वी रबरी चकती पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांस प्रत्येकी एक गुण, अशी वैयक्तिक कामगिरीची मोजणी असते.

माँट्रियलचा संघ २०२१–२२ च्या हंगामात ३२ संघांत शेवटचा आला आणि सोडतीत पहिली निवड त्याच्याकडे आली. निवडीचा समारंभही ७ जुलै २०२२ रोजी माँट्रियललाच झाला. कॅनडाच्या शेन राइट ह्याचे नाव पुकारले जाईल अशी पुष्कळांची अटकळ होती. पुकारले गेले ते स्लाफकोव्स्कीचे. ३० मार्च २००४ रोजी कोशित्से येथे जन्मलेल्या ह्या मुलाविषयीचा पुरावा आरंभापासूनच दुहेरी होता. फेब्रुवारी २०२२ मधील बेजिंग ऑलिम्पिकमध्ये त्याने ७ सामन्यांत ७ गोल केले, स्लोव्हाकियाला कांस्यपदक मिळाले आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. परंतु त्याच हंगामात फिनलंडच्या स्पर्धेत तुर्कू येथील टीपीएस संघाकडून ३१ सामन्यांत त्याला अवघे १० गुण मिळाले होते. जो तो आपल्याला हवा तो आकडा पुढे करू शकत होता, आणि तसेच झाले.

२०२२–२३ ह्या पहिल्या हंगामात संघाने त्याला वरिष्ठ स्पर्धेतच ठेवले. ३९ सामन्यांत ४ गोल व ६ साहाय्ये, एकूण १० गुण, एवढे झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम संपला. त्या काळात रसिकांत सरळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की मुलगा तयार नाही. त्याला लाव्हाल येथील संलग्न संघाकडे पाठवावे, तेथे त्याला भरपूर खेळावयास मिळेल आणि आत्मविश्वास येईल. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की ज्या वेगाशी पुढे सामना करावयाचा आहे त्या वेगातच त्याने शिकले पाहिजे. खालच्या स्पर्धेत धिप्पाड शरीराच्या बळावर त्याचे भागून जाईल आणि वाईट सवयी तशाच राहतील. दोन्ही युक्तिवाद विचारार्ह आहेत. तरीही हा वाद पुढे सरकला नाही. त्याचे कारण पुराव्याच्या अभावापेक्षा त्यातील दोन मध्यवर्ती शब्दांच्या, ‘तयार’ आणि ‘विकास’ ह्यांच्या, व्याकरणात शोधावे लागेल, असे मला वाटते.

२

प्रथम ‘तयार’. हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. बाजपक्ष्याची पिसे पुरती येऊन तो उड्डाणास योग्य झाला म्हणजे तो ‘तय्यार’, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. मराठीत त्याचे किमान तीन अर्थ वेगळे करता येतात. ‘भात तयार आहे’ ह्या वाक्यात क्रिया पूर्ण झाल्याचे विधान आहे. ‘तो यायला तयार आहे’ ह्यात राजीखुशी आहे. ‘पोरगा परीक्षेसाठी तयार आहे’ ह्यात एका विशिष्ट कसोटीस उतरण्याची पात्रता आहे. इंग्रजीतील ‘रेडी’ ह्या शब्दाचीही स्थिती ह्याहून फारशी वेगळी नाही.

आता ह्या तिसऱ्या अर्थाचे वैशिष्ट्य असे की त्याला नेहमी एका पूरकाची आकांक्षा असते. कशासाठी तयार? पूरक उच्चारले नाही तरी ते अध्याहृत असते, आणि श्रोत्याने ते प्रसंगावरून भरून घ्यावयाचे असते. स्लाफकोव्स्कीविषयीच्या वादात हेच पूरक दर वाक्याला बदलत होते. तो वरिष्ठ स्पर्धेत टिकून राहण्यास तयार आहे काय? बारा मिनिटे बर्फावर राहून संघाचे नुकसान न करण्यास तयार आहे काय? पहिल्या फळीत खेळून सामना जिंकून देण्यास तयार आहे काय? की पहिल्या क्रमांकाच्या निवडीला शोभेल असे खेळण्यास? ह्या चार प्रश्नांची चार उत्तरे असू शकतात. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि चौथ्याचे नकारार्थी असणे ह्यात कोणतीही विसंगती नाही. परंतु पूरक गळाले म्हणजे चारही प्रश्न एकाच ‘तयार आहे–नाही’ मध्ये कोंबले जातात, आणि मग जो माणूस पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो त्याच्यावर चौथ्या प्रश्नाचे उत्तर चुकल्याचा आरोप होतो.

पूरक गळण्यामागे केवळ बेफिकिरी नव्हती. ‘तयार नाही’ हे वाक्य रूपाने वर्णनपर असले तरी कार्याने आज्ञार्थी असते. ‘तो तयार नाही’ म्हणजे ‘त्याला खाली पाठवा’. सूचना वर्णनाच्या वेषात आली की तिच्यासाठी कारणे देण्याची जबाबदारी टळते. कारण वर्णन खरे किंवा खोटे असते, शहाणपणाचे किंवा अविचाराचे नसते. आणि ह्या सूचनेत अनेक हितसंबंध मिसळलेले होते, हे विसरून चालणार नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूने वरिष्ठ स्पर्धेत दहावा सामना खेळला की त्याच्या तीन वर्षांच्या आरंभीच्या करारातील पहिले वर्ष मोजले जाते. नऊ सामन्यांनंतर त्याला परत पाठवले तर तो करार वर्षभर पुढे सरकतो. म्हणून दरवर्षी हंगामाच्या आरंभी, नवव्या-दहाव्या सामन्याच्या सुमारास, ‘तयारी’ची चर्चा एकाएकी उसळते. मुलाच्या अंगी त्या आठवड्यात कोणताच विशेष फरक पडलेला नसतो.

नियमही ‘तयारी’ घडवतात. ज्याच्याऐवजी स्लाफकोव्स्कीची निवड झाली त्या शेन राइटला सिअ‍ॅटलच्या संघाने चौथ्या क्रमांकावर निवडले. तो कॅनडाच्या कनिष्ठ स्पर्धेतून आलेला असल्यामुळे तत्कालीन करारानुसार, अल्प मुदतीच्या सरावाखेरीज, त्याला अठराव्या वर्षी दुय्यम व्यावसायिक स्पर्धेत ठेवता येत नव्हते. परिणामी एकाच हंगामात तो सिअ‍ॅटलसाठी ८ सामने, मग थोडे कोचेला व्हॅलीच्या संलग्न संघात, मग जागतिक कनिष्ठ स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या कॅनडाचा कर्णधार म्हणून, आणि मग कनिष्ठ स्पर्धेत विंडसरच्या संघातून खेळला. युरोपातून आलेल्या स्लाफकोव्स्कीला ही अडचण नव्हती. लाव्हालचे दार त्याच्यासाठी उघडे होते. तेव्हा ‘राइट तयार नाही’ आणि ‘स्लाफकोव्स्की तयार नाही’ ही वाक्ये कानाला सारखी लागली तरी त्यांनी सुचवलेले पर्याय निराळे होते. वाद करणाऱ्यांपैकी थोड्यांनीच हा भेद पाळला.

३

दुसरा शब्द ‘विकास’. येथे मराठीचे व्याकरण आपल्याला एक उपयुक्त साधन पुरवते. आपल्याकडे घडणे–घडवणे, पिकणे–पिकवणे, वाढणे–वाढवणे अशा जोड्या आहेत. साध्या धातूत क्रिया आपोआप होते. प्रयोजक धातूत ती करवणारा कोणी वेगळा कर्ता असतो. इंग्रजीत ‘डेव्हलप’ हे एकच रूप दोन्ही कामे करते. खेळाडू डेव्हलप होतो आणि संघही त्याला डेव्हलप करतो. क्रियापदावरून फरक कळत नाही, तो वाक्यरचनेवरून ओळखावा लागतो. आणि ह्या क्रियापदाचे नाम केले, म्हणजे त्याचा ‘विकास’ केला, की वाक्यरचनाही उरत नाही. ‘त्याचा विकास खुंटला’ ह्या वाक्यात कोणी खुंटवला ह्याला जागाच नाही. मराठीतही नामाचा आश्रय घेतला की प्रयोजकाचा हा लाभ आपण गमावतो.

ह्या संदिग्धतेचा परिणाम श्रेय आणि दोष ह्यांच्या वाटणीवर होतो. मुलगा चमकला की वाक्य प्रयोजक होते : संघाने त्याला घडवले, प्रशिक्षकाने संयम दाखवला. मुलगा चाचपडला की वाक्य साधे होते : तो घडला नाही. क्वचित ह्याच्या उलटही होते, आणि मग साऱ्या अपयशाचे खापर व्यवस्थापनावर फुटते. माँट्रियलसारख्या शहरात, जेथील संघाने २४ वेळा स्टॅन्ली चषक जिंकला परंतु १९९३ नंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही, असे रागाचे प्रसंग वारंवार येतात. दोन्ही प्रकारांत होणे आणि करणे ह्यांचा परस्परसंबंध तपासला जात नाही. सोयीप्रमाणे एक धातू उचलला जातो.

रूपकांकडे पाहिल्यास हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. माँट्रियल हे द्विभाषिक शहर आहे. संलग्न संघाला इंग्रजीत ‘फार्म टीम’, म्हणजे शेतावरचा संघ, म्हणतात. क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये त्यालाच ‘क्लब-एकोल’, म्हणजे शाळा-संघ, असे नाव आहे. निवडलेल्या तरुणाला इंग्रजी ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणते, आणि खनिज सापडण्याची शक्यता असलेल्या जागेसाठीही तोच शब्द वापरते. फ्रेंच त्याला ‘एस्पुआर’, म्हणजे आशा, म्हणते. शेतातील पिकाला स्वतःची इच्छा नसते. शाळेतील विद्यार्थ्याला असते, निदान असावी अशी अपेक्षा असते. खाणीत सोने असते किंवा नसते. आशा मात्र जो करतो त्याची असते, ज्याच्याविषयी केली त्याची नव्हे. तथापि एवढ्यावरून फ्रेंच भाषक रसिक अधिक समंजस व इंग्रजी भाषक अधिक उतावळे असा निष्कर्ष काढणे हा भाषाशास्त्राचा दुरुपयोग ठरेल. दोन्ही भाषांतील रसिक दोन्ही तटांत होते. रूपक विचाराला बांधून टाकत नाही. परंतु ज्याची छाननी झाली नाही असे रूपक युक्तिवादाची जागा बळकावते, हे खरे.

ह्या वादातील सर्वांत प्रभावी रूपक पिकण्याचे आहे. डेट्रॉइटच्या संघाचे १९९७ ते २०१९ पर्यंत व्यवस्थापक असलेले केन हॉलंड ह्यांचे धोरण तर त्याच नावाने प्रसिद्ध होते : तरुणांना दुय्यम स्पर्धेत पिकण्यापेक्षाही थोडे अधिक पिकू द्यावे. आपल्याला ह्या रूपकाची मर्मे समजावून सांगण्याची गरज नाही. आढीतला आंबा आणि पाडाचा आंबा ह्यांतील अंतर आपण जाणतो. परंतु रूपक नेमके जेथे मोडते तेथे पाहिले पाहिजे. आंब्याची पक्वता त्याच्या आत असते आणि त्याला खाल्ल्याने ती वाढत नाही. खेळाडूची पक्वता खेळण्यानेच वाढते. म्हणजे ज्या कृतीसाठी तयारी हवी तीच कृती तयारीचे साधनही आहे. ‘आधी पिकू द्या, मग उतरवा’ हा सल्ला फळाला लागू पडतो. पोहणाऱ्याला ‘आधी शीक, मग पाण्यात उतर’ असे सांगण्यात काही अर्थ नसतो. मात्र दुसऱ्या तटानेही येथे हर्ष मानण्याचे कारण नाही. कारण पाणी किती खोल असावे हा प्रश्न त्यांच्या रूपकातही अनुत्तरितच राहतो.

४

दोन्ही तट पूर्वोदाहरणांचा आधार घेत. माँट्रियलमध्ये सर्वांत ताजी आठवण येस्पेरी कोत्कानिएमी ह्या फिनिश खेळाडूची होती. २०१८ साली तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या ह्या मुलाला संघाने अठराव्या वर्षीच वरिष्ठ स्पर्धेत ठेवले. पहिल्या हंगामात ७९ सामन्यांत ३४ गुण मिळाले. दुसऱ्यात ३६ सामन्यांत ८, आणि त्याला लाव्हालला जावे लागले. २०२१ साली तो कॅरोलायनाच्या संघाकडे निघून गेला. घाईचा पुरावा म्हणून हे उदाहरण पुढे येई. त्यावर प्रतिपक्ष जो थॉर्नटनचे नाव घेई. १९९७ साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला थॉर्नटन बॉस्टनच्या संघातच राहिला, पहिल्या हंगामात ५५ सामन्यांत त्याला ७ गुण मिळाले, आणि पुढे २००६ साली स्पर्धेतील सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक त्यानेच मिळवला. मग लिऑन ड्रायसायटलचे नाव निघे. २०१४–१५ मध्ये एडमंटनकडून ३७ सामन्यांत ९ गुण मिळवल्यावर त्याला कनिष्ठ स्पर्धेत परत पाठवण्यात आले. २०२० साली हार्ट करंडक त्यालाही मिळाला.

ह्या उदाहरणांतून काय सिद्ध होते? वर ठेवलेल्यांपैकी एक थोर झाला आणि एक अपेक्षेला उतरला नाही. परत पाठवलेल्यांपैकी एक थोर झाला. प्रत्येक उदाहरणात न घडलेला पर्याय आपल्याला अज्ञातच राहतो. कोत्कानिएमी खाली राहिला असता तर, थॉर्नटन खाली गेला असता तर, ही संकेतार्थी वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. पण त्यांचे खरेखोटेपण ठरवण्यास ह्या जगात काही साधन नाही.

ह्या दृष्टीने २०२२ च्या निवडीतील पहिली चार नावे विशेष बोधप्रद आहेत, कारण चौघांचे चार मार्ग झाले. स्लाफकोव्स्की वरिष्ठ स्पर्धेत राहिला. दुसरा, त्याचाच देशबंधू शिमोन नेमेत्स, न्यू जर्सीच्या संघाने युटिका येथील दुय्यम संघाकडे धाडला. तिसरा लोगन कूली मिनेसोटा विद्यापीठात खेळावयास गेला. चौथ्या राइटची भ्रमंती वर आलीच आहे. पुढील २०२३–२४ च्या हंगामात स्लाफकोव्स्कीने ८२ सामन्यांत २० गोलांसह ५० गुण मिळवले, आणि १ जुलै २०२४ रोजी त्याच्याशी ८ वर्षांचा, ६ कोटी ८ लाख डॉलरांचा करार झाला. कूलीने त्याच हंगामात अ‍ॅरिझोनाकडून ८२ सामन्यांत ४४ गुण मिळवले. नेमेत्स बचावपटू असल्याने त्याची तुलना गुणांवर करणे योग्य नाही. त्याने न्यू जर्सीसाठी ६० सामने खेळले. राइटने ते वर्ष मुख्यतः कोचेला व्हॅलीत काढले. त्यानंतरच्या २०२४–२५ मध्ये गुणसंख्या अशी झाली : स्लाफकोव्स्की ५१, कूली ६५, राइट ४४. शेवटी आघाडीचे तिघेही वरिष्ठ स्पर्धेत स्थिरावले; वाटा मात्र निरनिराळ्या होत्या. ह्यावरून कोणतीही वाट चालेल असे सिद्ध होत नाही. अमुक एकच वाट खरी, हे मात्र निश्चितपणे सिद्ध झालेले नाही.

आता गंमत पाहावी. ५० गुण झाल्यावर ‘वर ठेवा’ म्हणणाऱ्यांना आपला धीर फळाला आल्यासारखे वाटले. ‘खाली पाठवा’ म्हणणाऱ्यांना मात्र माघार घेण्याचे कारण नव्हते. लाव्हालला गेला असता तर हेच आधी झाले असते, आणि तो दुखापतीशिवाय झाला असता, असे म्हणण्यास ते मोकळेच होते. पहिल्या हंगामातील १० गुणांबाबतही हेच : एकाला तो अपक्वतेचा पुरावा, दुसऱ्याला शिक्षणाची फी. कोणत्याही घटनेने ज्याला बाध येत नाही अशा विधानात मजकूर उरतच नाही. उरते ती केवळ वृत्ती.

५

तथापि रसिकांच्या बोलण्यात सर्वच पोकळ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ह्याच वादात काही जण अगदी निराळ्या प्रकारची वाक्ये बोलत होते. मैदानाच्या मध्यभागातून चकती घेऊन येताना तो मान खाली घालतो आणि म्हणून त्याला जबर धक्के बसतात. फळीलगत चकती घेताना प्रतिस्पर्धी कोठे आहे हे तो आधी पाहून ठेवत नाही. युरोपातील रुंद रिंगणात मिळणारा क्षणभराचा अवकाश उत्तर अमेरिकेतील अरुंद रिंगणात मिळत नाही, आणि त्याचा निर्णय तेवढ्याने उशिरा होतो. ह्या वाक्यांत ‘तयार’ नाही, ‘विकास’ही नाही. त्यांत कर्ता आहे, स्थळ आहे, कृती आहे, आणि पुढच्या महिन्यात ती खोटी ठरू शकतात. २०२३–२४ मध्ये प्रशिक्षक मार्टिन सँ-लुई ह्यांनी त्याला निक सुझुकी व कोल कॉफिल्ड ह्यांच्यासह पहिल्या फळीत उभे केले, तेव्हा पाहणाऱ्याला ह्याच गोष्टी पुन्हा तपासता आल्या : मान वर आहे काय, चकती वेळेवर सुटते काय. जाता जाता हेही नोंदवावे की हे सँ-लुई स्वतः तरुणपणी कोणत्याच संघाच्या निवडीत नव्हते. पुढे २००४ व २०१३ साली त्यांनी सर्वाधिक गुणांचा मान मिळवला. पूर्वनिर्णयांच्या विश्वसनीयतेवर ह्याहून अधिक बोलके भाष्य नको.

ह्या सर्व विवेचनात ज्याच्याविषयी वाद चालला तो अठरा वर्षांचा, परदेशात नवखा असलेला मुलगा होता, ही गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. त्याच्याविषयी उच्चारलेले ‘तयार नाही’ हे वाक्य त्याच्या कानावरही जाते. मान वर ठेव, असे सांगितले तर त्याला काही करता येते. तू तयार नाहीस, असे सांगितले तर करण्यासारखे काहीच उरत नाही, वाट पाहणे तेवढे उरते. संदिग्ध शब्दाची किंमत बोलणाऱ्याला पडत नाही, ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला पडते. भाषेच्या अभ्यासकाने अशा वादात लक्ष का घालावे, ह्याचे उत्तर मला येथे दिसते.

आणि हा दोष केवळ क्रीडारसिकांचा नाही. आपणही नव्या कवीच्या पहिल्या संग्रहाला ‘आश्वासक’ म्हणतो आणि दुसऱ्यात ‘अपेक्षित विकास आढळत नाही’ असा शेरा मारतो. आश्वासन कोणी, कोणाला, कशाचे दिले? कवीने तर काहीच कबूल केलेले नसते. आपल्या भाषेत अशा तरुणांसाठी ‘होतकरू’ हा एक शब्द आहे, आणि त्यात ‘होणे’ व ‘करणे’ ह्या दोहोंचा ध्वनी एकत्र ऐकू येतो. मूल्यनिर्णय देताना ह्या दोन धातूंची फारकत होऊ न देणे, कशासाठी, कोणी, कोठवर हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी वाक्यात उच्चारून टाकणे, आणि आपले विधान कोणत्या घटनेने खोटे ठरेल हे आधीच सांगून ठेवणे, एवढे पथ्य पाळले तर माँट्रियलच्या रसिकांचा वाद मिटेल असे नाही. परंतु तो निदान त्या मुलाच्या खेळाविषयीचा वाद होईल.